अंगठा बुडेपर्यंत

मवूला गावात पत्र्याची घरं मोजकीच होती आणि त्यातलं एक मकायाचं होतं. बाकीच्या बायका गवताच्या छपराखाली राहायच्या आणि तिच्या पत्र्याकडे बघून उसासे टाकायच्या. मकायाला मात्र तो पत्रा नकोसा झाला होता. त्याच पत्र्याखाली तिची मुलगी लुसाम्बा काठी धरून, गुडघ्यावर गुडघा घासत, टाचा न टेकता चालायची. तिचे पाय कशाने गेले ते गाव एक सांगायचं आणि मकायाला दुसरं ठाऊक होतं. पण तिचं कोण ऐकणार? तिने तरी कुणाचं ऐकलं होतं?

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा तिची सासू मबान्झा तिला पहिल्यांदा ओढ्यावर घेऊन गेली. ओढ्याच्या काठाने प्रत्येक बाईचं स्वतःचं डबकं असतं. दगडांचा बांध घातलेलं, वरून पानांनी झाकलेलं. त्यात सोललेल्या कसाव्याचे कंद भिजत पडतात. दुसरीच्या डबक्यात हात घालणं म्हणजे तिच्या चुलीत हात घालणं. मबान्झाने आपलं डबकं सुनेच्या हवाली केलं आणि एक भिजलेला कंद तिच्या हातात दिला.

"दाब अंगठा," ती म्हणाली. "आतल्या दोऱ्यापर्यंत बुडला?"

"नाही बुडत."

"मग परत ठेव. घरी जा, नवऱ्याशी भांड, शेजारणीची चहाडी कर, काय वाटेल ते कर. पण अंगठा बुडेपर्यंत कंद काढायचा नाही. आपला कसावा कडू आहे बाई. त्याचं विष पाणी खातं, पण सावकाश खातं. आणि कोरड्या दिवसांत पाणी गार पडलं की आणखी सावकाश."

मकायाने मान डोलावली. नव्या सुना डोलावतात तशी डोलावली आणि विसरून गेली. विसरल्याने काही बिघडत नव्हतं, कारण तेव्हा घाई कुणालाच नव्हती.

मग रस्ता झाला. रस्ता कसला, वाळूतून ओढलेला एक पट्टा, पण कोरड्या दिवसांत त्यावरून किन्शासाचा ट्रक यायला लागला. वाळवलेला कसावा जेवढा असेल तेवढा तो उचलायचा. शेंगदाणे, वाल, खारवलेले मासे, कोंबड्या, काय असेल ते उचलायचा. पाऊस लागला की रस्ता बंद, म्हणजे वर्षाची सगळी कमाई त्या गारठ्याच्या दिवसांत. आणि ट्रक काही कुणाच्या सासूसाठी थांबत नाही. आज काढला तर उन्हात वाळेल, उद्या काढला तर ट्रक गेलेला असेल. बायका एक रात्र आधी काढायला लागल्या, मग दोन रात्री आधी. अंगठा बुडेना तेव्हा कोयत्याने तुकडे करून वाळत टाकायला लागल्या. सगळ्याच तसं करत होत्या, मी एकटी नव्हते, असं मकायाने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्याने काही हलकं वाटलं नाही.

मबान्झा ओढ्यावर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"काय करतेस हे? दगडासारखा आहे तो!"

"वाळल्यावर कळत नाही," मकाया म्हणायची.

"जिभेला कळणार नाही. पायांना कळेल. माझ्या आईच्या वेळी दुष्काळात असाच अर्धाकच्चा खाल्ला होता लोकांनी. पाय जातील गं. या घरातल्या कुणाचे तरी पाय जातील!"

"तुमच्या आईच्या वेळी ट्रक होता का?" मकाया विचारायची, आणि आजूबाजूच्या बायका खो-खो हसायच्या. हसण्यासारखंच होतं ते. किन्शासात तेच पीठ खाऊन लोक धडधाकट हिंडत होते. पण तिथले लोक त्याबरोबर मासळी खात होते, मटण खात होते. मवूलातली मासळी ट्रकवर चढली होती, शेंगदाणेही चढले होते. गावात सकाळ-संध्याकाळ उरला होता तो नुसता लुकु, त्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तोंडी लावायला पाला.

लुसाम्बाचे दुधाचे दात पडत होते त्या वर्षी. पाण्याचा भोपळा डोक्यावर घेऊन ती अंगणात आली आणि खाली बसावी तशी कोसळली. भोपळा फुटला. ती आधी हसली, पायाला मुंग्या आल्या असं तिला वाटलं. मग उठायला गेली तर एक पाय दुसऱ्यावर चढला.

"आई," ती म्हणाली, "पाय ऐकत नाहीत."

पाय पुन्हा कधीच ऐकले नाहीत. त्या कोरड्या दिवसांत गावात आणखी दोन पोरं आणि एक बाळंतीण अशीच बसली. या आजाराला तिकडे कोंझो म्हणतात, पाय बांधले गेले असं समजतात. आणि पाय बांधले म्हटलं की बांधणारा आला. कोणी बांधले? गाव जमलं, आंब्याखाली बैठक झाली आणि कुणीतरी विचारलं, की हे होणार असं आधी कोण बोललं होतं?

मकायाच्या अंगाची आग-आग होत होती. तिला कुणीतरी हवंच होतं. मुखियाने तिला विचारलं, "तुझी सासू असं म्हणाली होती?"

"म्हणाली होती," मकाया म्हणाली. "या घरातल्या कुणाचे तरी पाय जातील म्हणाली. ओढ्यावरच्या सगळ्या बायकांनी ऐकलंय."

मबान्झाने सुनेकडे पाहिलं. आरडाओरडा केला नाही की शपथा घेतल्या नाहीत. "बोलले खरी," एवढंच म्हणाली. तिला ओढ्यापलीकडच्या झोपडीत राहायला पाठवलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्या हातचं कुणी खायचं नाही. पावसाळ्यात ती तिथेच वारली. त्याच वर्षीच्या कसाव्यातून मकायाच्या घरावर पत्रा चढला.

पुढच्या वर्षी नदीवरचा पूल वाहून गेला आणि ट्रक आलाच नाही. बायका चरफडल्या, कसावा डबक्यांत पडून राहिला, हवा तेवढा भिजला. त्या वर्षी गावात एकाचेही पाय गेले नाहीत. मग पूल झाला, ट्रक आला, आणि पुन्हा दोघं बसली. मबान्झा तर मातीत होती, आता पाय कोण बांधत होतं? मकाया ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती तेव्हा तिला हे कळलं. हातातला कंद तसाच धरून ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. शेजारच्या बायकांना वाटलं, हिला साप दिसला.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता बोलून आई परत येणार आहे का?" एकदा शहरातून आरोग्यवाली बाई चित्रं घेऊन आली, कंद नीट भिजवा म्हणून गोड आवाजात सांगून गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, तिला एक कोंबडा दिला आणि दुसऱ्या दिवशी ट्रकच्या वेळेला कंद काढले. मकाया बैठकीत मागे बसली होती. बोलावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण या गावात आधी बोलणाऱ्याचं काय होतं ते तिने पाहिलं होतं, नुसतं पाहिलं नव्हतं, केलं होतं. स्वतःचा कसावा मात्र तिने त्या दिवसापासून कधी ट्रकला दिला नाही.

वर्षं गेली. नवरा गेला. मुलगा मताडी मोठा झाला, त्याने लेमाला करून आणलं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गवताचं छप्पर घातलं, एक मुलगी झाली, न्दोना. मग तो हिरे खणायला अंगोलाच्या बाजूला गेला. अधूनमधून निरोप यायचा, मग तोही यायचा थांबला.

लेमा वाईट नव्हती. कामाला वाघीण होती, हसरी होती, लुसाम्बाच्या केसांच्या वेण्या तीच घालून द्यायची. फक्त तिच्या डोक्यात पत्रा बसला होता. नवरा परत आला आणि घरावर पत्रा दिसला तर तो राहील, गवत दिसलं तर पुन्हा निघून जाईल, असं तिने कुठूनतरी ठरवून टाकलं होतं. पत्र्यासाठी कसावा, आणि कसाव्यासाठी ट्रक.

ती कंद कच्चे काढते हे मकायाला दिसत होतं. दोघींची डबकी शेजारी-शेजारी होती, न दिसून सांगतं कुणाला? पण आता तिच्याजवळ एक युक्ती होती, आणि ती लुसाम्बाने शिकवलेली होती.

"आई," लुसाम्बा म्हणाली होती, "तू तोंड बंद ठेव आणि भांडं उघडं ठेव."

तसंच चाललं होतं. संध्याकाळी मकायाच्या चुलीवर लुकु शिजायला लागला की न्दोना अंगण ओलांडून धावत यायची. पूर्ण भिजलेल्या कसाव्याचा पांढरा, मऊ लुकु. सोबत मकायाने लपवून ठेवलेले शेंगदाणे कुटून, नाहीतर वाळवलेल्या अळ्या परतून. पोरगी बोटं चाटून खायची.

"आजीचा लुकु गोड असतो," ती आईला जाऊन सांगायची.

"मग रोज तिथेच गिळ," लेमा हसून म्हणायची. तिचं तेवढं पीठ वाचायचं. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं आणि पोरीच्या पायांत बळ होतं. मकाया तिला मुद्दाम पळायला लावायची. पळते आहे तोवर डोळे भरून बघून घ्यायची.

हे असंच चाललं असतं. पण त्या कोरड्या मोसमात ट्रकवाल्याने निरोप धाडला, की यंदा गाडी लवकर येणार. सगळ्या बायका ओढ्यावर धावल्या. लेमाने कंद आदल्या दिवशी पाण्यात टाकले होते, जेमतेम एक रात्र झाली होती. ती कोयत्याने ते फोडायला लागली आणि कोयता लाकडावर पडावा तसा टणटण वाजायला लागला.

मकाया आपल्या डबक्यावर वाकली होती. तो आवाज तिला सोसेना.

"लेमा, अंगठा दाबून बघितलास?"

"बघितला की."

"बुडला?"

"आई, अंगठा बुडायची वाट ट्रक बघत नाही."

बायका खो-खो हसल्या. तेच हसू, बायका तेवढ्या नव्या. मकायाला वाटलं आता उठून घरी जावं. ती उठली नाही.

"दोन रात्री राहू दे गं. पुढच्या गाडीला दे."

"तुम्हाला परवडतात रात्री. तुमच्या डोक्यावर पत्रा आहे."

"त्या पत्र्यानेच माझ्या पोरीचे पाय खाल्ले!"

लेमाने कोयता थांबवला. "तुमच्या पोरीचे पाय तुमच्या सासूने बांधले. सगळं गाव जाणतं. आणि बैठकीत सांगितलंत कुणी? तुम्हीच ना?"

"सांगितलं, आणि चुकलं माझं. म्हातारी बरोबर होती. ऐक माझं. तू स्वतः हेच खातेस, पोरीला सकाळी हेच घालतेस. ऐक, लेमा, नाहीतर न्दोनाचे पाय जातील."

तोंडातून गेलं आणि मकायाने ओठ दाताखाली धरले. उशीर झाला होता. ओढ्यावरच्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत होत्या. कुणी हसत नव्हतं.

"काय म्हणालात?" लेमाने विचारलं. "माझ्या पोरीच्या पायांना काय म्हणालात?"

त्या संध्याकाळी लुकु शिजला, निवला, वर साय धरल्यासारखा कडक झाला, पण न्दोना आली नाही. अंगणाच्या पलीकडे ती आईच्या लुगड्याला धरून उभी होती.

"ये की गं," मकायाने हाक मारली.

"आई म्हणते तुझ्या हातचं खायचं नाही," न्दोना म्हणाली आणि रडायला लागली. लेमाने तिला आत ओढलं.

लुसाम्बा भिंतीला टेकून बसली होती. "बोललीस ना?" तिने विचारलं.

"बोलले."

"इतकी वर्षं जीभ धरलीस आणि आज..." आईला बोलून काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी लुसाम्बा स्वतः काठी टेकत पानात बांधलेला लुकु घेऊन गेली. लेमाने तो तिच्यासमोरच कोंबड्यांना घातला. वेणी घालून द्यायलाही ती पुन्हा आली नाही. शेवटी मकाया सुनेच्या दारात जाऊन जमिनीवर बसली. सासूने सुनेच्या दारात असं बसणं म्हणजे लाज सोडल्यासारखंच, पण तिला लाज उरली नव्हती.

"मी जाते गाव सोडून," ती म्हणाली. "तू म्हणशील तिथे जाऊन बसते. पोरीला माझं तोंडसुद्धा दाखवू नकोस. फक्त तिला लुसाम्बाच्या हातचं खाऊ दे. माझ्याच डबक्यातला कसावा आहे, तू नेऊन तूच शिजव."

लेमा दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत राग कमी आणि भीती जास्त होती. "म्हणजे काहीतरी केलंयत तुम्ही," ती हळूच म्हणाली. "नाहीतर जायची भाषा कशाला करता? उतरवा ते. आई, पाया पडते, जे घातलंय ते उतरवा."

जे घातलंच नाही ते उतरवणार कसं? मकाया हात टेकून उठली आणि घरी आली.

ट्रक आला, पोती चढली, गेला. पुन्हा आला. लेमाने पत्र्याची ऑर्डर दिली, गावभर सांगत सुटली. तिच्या घरात आता फक्त तिचाच लुकु शिजत होता, दोन्ही वेळा, आणि शेंगदाणे पोत्यात गेले होते. मकाया रोज सकाळी पत्र्याखाली बसून पलीकडच्या दाराकडे बघायची. न्दोना बाहेर आली, चालली, वाकली, धावली, की हिच्या जिवात जीव यायचा. तेवढ्यावर तिचा एक दिवस निघायचा.

पावसाचे ढग दिसायला लागले होते. सकाळी न्दोना केरसुणी घेऊन दारात आली. दोन हात अंगण झाडलं आणि खाली बसली. उठली, पुन्हा बसली. तिने आईला हाक मारली नाही. का कोण जाणे, सवयीने असेल, ती आजीकडे यायला निघाली. एक गुडघा दुसऱ्यावर आपटत, टाचा उचललेल्या. अंगणाच्या मध्यावर येऊन ती पालथी पडली.

मकाया धावली तोवर लेमा पोचली होती. तिने मुलीवर आपलं अंग टाकलं आणि अशी किंचाळली की शेतातली माणसं पळत आली.

आंब्याखाली बैठक झाली. आता मुखिया कासोंगो होता, मकायाच्या नवऱ्याच्या बरोबरीचा. त्याला हे काम आवडत नव्हतं, पण करणं भाग होतं.

"मकाया, तू असं म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते. पण कंद कच्चा..."

"अख्खं गाव ट्रकला कंद देतं," मागून कुणीतरी ओरडलं. "मग सगळ्यांचे पाय का नाही गेले?"

सगळ्यांचे का नाही गेले? ज्यांच्या घरी थोडी मासळी उरते ते वाचतात, ज्यांच्या घरी उरत नाही ते बसतात. हे सांगायला तिला एक आख्खा दिवस लागला असता आणि लोक तिला एक वाक्यही देत नव्हते. तिने लेमाकडे पाहिलं. लेमा ओढ्यावर होती, कोयता तिच्याच हातात टणटण वाजला होता. पण लेमा जमिनीकडे बघत होती. मकायाला त्याचाही राग आला नाही. ती स्वतःही एकदा अशीच बसली होती, याच आंब्याखाली.

"बोलले खरी," ती म्हणाली.

ओढ्यापलीकडे मबान्झाची झोपडी होती त्याच जागी तिला नवं छप्पर घालून दिलं. तिच्या घरावरचा पत्रा लेमाला मिळाला. लुसाम्बाला कुणी जा म्हणालं नव्हतं, पण ती काठी घेऊन आईच्या मागे निघाली. ओढा ओलांडताना दोनदा पडली आणि दोन्ही वेळा आईला हात लावू न देता उठली.

पुढच्या कोरड्या मोसमातली गोष्ट. त्या झोपडीच्या दारातून बायकांची डबकी समोर दिसतात. मकाया रोज बघत बसायची, दुसरं करण्यासारखं होतंच काय? त्या दिवशी रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला आणि बायकांची पळापळ सुरू झाली. लेमा आली. पाठीवर न्दोना होती, आता ती पाठीवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती, तिचे लांब पाय लेमाच्या मांड्यांवर लोंबत होते. लेमाने तिला काठावरच्या दगडावर बसवलं, पानं बाजूला केली, एक कंद उचलला आणि अंगठा दाबला. बुडला नाही. भोंगा पुन्हा वाजला. लेमाने कंद परत पाण्यात ठेवला, दुसरा काढला, दाबला, तोही ठेवला. वर पानं घातली, पानांवर दगड ठेवला.

मकायाच्या डोळ्यांना धार लागली. सून शिकली होती. पण काय फी भरून शिकली!

शेजारच्या डबक्यावर एक नवी सून होती. हातावर लग्नातल्या मण्यांच्या माळा अजून होत्या. ती घाईघाईने कंद काढून कोयत्याने फोडत होती. टणटण आवाज होत होता. लेमा जाता-जाता थांबली.

"दोन रात्री राहू दे गं त्याला," तिचा आवाज पाण्यावरून आला.

"ट्रक थांबतो का, ताई?" नवी सून हसली. आसपासच्या दोघी-तिघीही हसल्या.

लेमा तिच्याकडे वळली. तिने एकदा दगडावर बसलेल्या न्दोनाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पुढे काय येणार ते मकायाला शब्दन् शब्द ठाऊक होतं. ती धडपडत उठली, पाण्यापर्यंत आली आणि इतक्या वर्षांत कुणावर ओरडली नव्हती तशी ओरडली.

"लेमा! बोलू नकोस! गप्प बस गं, काही बोलू नकोस!"

लेमाने मान वळवून ओढ्यापलीकडे पाहिलं. मग तिने त्या नव्या सुनेचा हात धरला आणि बोलायला लागली.